‘आज घेऊन आलेत’

कुसगावहून आम्ही बचत गटाच्या सहयोगिनी बोलतोय. कुसगाव म्हटलं की मावळात लगेच विचारतात, कुठलं? पवन मावळातलं, खुर्द की बुद्रुक? आम्ही बुद्रुकच्या, लोणावळ्याला चिकटलेल्या. एक्सप्रेस हायवेच्या गाड्यांचा आवाज आमच्या मीटिंगमध्ये कायम असतो. आजही मागे काही घरघर ऐकू आली तर रेडिओ बिघडला असं समजू नका.

आजचा विषय आम्ही ठरवून निवडलेला नाही. तो मीटिंगमध्ये आपोआप निघाला. पावसाळ्याचे दिवस होते, भाताची लावणी नुकतीच उरकली होती. हप्ते गोळा करायला बसलो तर एक ताई अर्धा तास उशिरा आली. पदर ओला, तोंड उतरलेलं. आम्ही विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, “काही नाही, आज घेऊन आलेत.”

गटात एक नवी सून होती, शहरातून आलेली. तिनं सरळ मनानं विचारलं, “काय घेऊन आले?”

आणि सगळ्या हसत सुटल्या. उशिरा आलेली ताईसुद्धा हसली. पुढचा पाऊण तास हप्ते बाजूला राहिले आणि नव्या सुनेला शिकवणी सुरू झाली. नुसतं घेऊन आलेत म्हटलं की काय समजायचं, टाकून आलाय म्हणजे काय, लावून आलाय म्हणजे काय, मारून आलाय म्हणजे काय. हिशेब लिहिणाऱ्या ताईनं गटाच्या रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं आणि जो जो शब्द येईल तो लिहायला लागली. पान भरलं, मग पाठपोट भरलं. चाळीसच्या वर शब्द झाले. काही इथं रेडिओवर सांगता येणार नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहेत.

बघा, किती तऱ्हा आहेत. काही शब्द नुसते आवाजाचे: तर्र, टुन्न, टल्ली. टल्ली हा हिंदीवाल्यांकडून आला, पण आता घरचाच झालाय. काही इंग्रजीतून आलेले: टाइट, फुल्ल, आउट. काही गाडीचे: टाकी फुल, गाडी हलतेय. गटातली आमची सत्तरीची आजी म्हणते, “आलं बघा इमान!” तिच्यापुरतं ते विमान रोज संध्याकाळी सातला पारापाशी उतरतं. काही शब्द शरीराची हालचाल दाखवणारे: डुलतोय, झोकांड्या खातोय, भेलकांडतोय, लोळतोय. आणि काही असे की ऐकायला छान वाटावेत: रंगात आलाय, तारेत आहे, झिंगलाय. झिंगाट गाण्यानं तर 2016 पासून हा शेवटचा शब्द हळदीच्या मांडवात पोचवला. आता पाच वर्षांची पोरंसुद्धा त्याच्यावर नाचतात.

आजीनं मात्र असे दोन शब्द सांगितले की ते नव्या सुनांपैकी कुणीच ऐकले नव्हते. नवटाक आणि पावशेर. “आमच्या टायमाला कुणी क्वार्टर म्हणत नव्हतं, नवटाक मारून आला म्हणायचे.” नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. तूप, तेल, मिरची ज्या मापानं घ्यायची त्याच मापानं हातभट्टीची मिळायची. किलो आणि लिटर आले, शेर गेला, दुकानातून नवटाक गेलं; दारूच्या भाषेत ते कितीतरी वर्षं टिकून राहिलं. आता माप मिलिलिटरचं आहे. 180 ची क्वार्टर, 90 ची नाइंटी, खिशात मावते ती चपटी, 750 ची बाटली म्हणजे खंबा. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी लोणावळ्याच्या बाजूच्या बंगल्यांवर साफसफाईला जातात. पावसाळ्यात शनिवार-रविवार पर्यटक येतात, सोमवारी सकाळी आम्ही खंबे मोजतो आणि भंगारवाल्यासाठी पोत्यात भरतो.

तिथंच एक गोष्ट लक्षात येते. बंगल्यावरचा साहेब ड्रिंक घेतो. ऑफिसातला माणूस पार्टी करतो. तरुण पोरं म्हणतात, आज बसायचं का? नुसतं बसायचं, दारूचं नावसुद्धा नाही. पण वीटभट्टीवरचा माणूस पितो, ढोसतो, आणि वाडीतला असला तर लगेच बेवडा होतो. बाटलीत तेच, अंगात शिरून करतं तेच, शब्द मात्र पगार बघून लावायचा. (शेतकरी घरातल्या बायांना बेवड हा शब्द वेगळ्याच अर्थानं माहीत आहे. आधीच्या पिकाचा बेवड चांगला असेल तर पुढचं पीक जोमदार येतं. तो बेवड लाभला तर भाग्य.)

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन नावाचे मोठे गृहस्थ होऊन गेले. त्यांनी 1737 साली आपल्या वर्तमानपत्रात, माणूस प्यायलेला आहे हे सांगायचे दोनशेहून जास्त शब्द छापले होते. म्हणजे जिथं दारू तिथं तिची अशी शब्दांची फौज. आमचे चाळीस बघून आम्हाला वाटलं होतं की आपण मोठा पराक्रम केला.

मुळात ‘दारू’ हा शब्दच बघा. फारसीत दारू म्हणजे औषध. अजून आपण दवादारू म्हणतो ना, डॉक्टरकडं नेलं, दवादारू केली. त्यातली दारू ती औषधाची. बंदुकीत भरतात तीही दारू, दिवाळीत उडवतात तीही शोभेची दारू. एकच शब्द बरं करणारा, उडवणारा आणि बुडवणारा. आमच्याकडं अजून काही घरांत पहिली बाटली औषध म्हणूनच शिरते. थंडी वाजतेय, अंग दुखतंय, झोप येत नाही. आणि देवाधर्माचं नाव लावायचं झालं तर तीर्थ. तीर्थ घेऊन आलेत.

देवाचं निघालं म्हणून गटारीचं सांगतो. आषाढातली अमावस्या, श्रावण लागायच्या आदली. पंचांगात तिचं नाव दीप अमावस्या. त्या दिवशी आपण घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडतो, कणकेचे दिवे करतो, पूजा करतो. पावसाळ्याच्या अंधारात उजेडाला नमस्कार करायचा असा तो दिवस. पण रस्त्यावर विचारा, दीप अमावस्या कधी आहे? कुणाला सांगता येणार नाही. गटारी कधी आहे विचारा, बारकं पोरगंही सांगेल. काही जण म्हणतात मूळ शब्द गतहारी, आहार बदलायचा दिवस, त्याचं गटारी झालं. असेलही. पण लोकांच्या डोळ्यापुढं उभा राहतो तो गटारात पडलेला माणूसच. एका घरात एकाच संध्याकाळी बाई दिवे मांडते आणि पुरुष गटारी करतो. कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात काय राहिलं ते तुम्ही बघताच.

आणि मग पेपरवाले. गटारी आली, थर्टी फर्स्ट आला की हमखास मथळा येतो: तळीरामांची गर्दी, तळीरामांना दणका, तळीरामांचे हाल. हा तळीराम कोण? आमच्यातल्या एकीनं बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तिनं मीटिंगमध्ये ही गोष्ट सांगितली, तीच तुम्हाला सांगतो.

राम गणेश गडकरी यांचं ‘एकच प्याला’ नावाचं नाटक आहे. गडकरी 1919 च्या जानेवारीत वारले आणि त्यानंतर महिन्याभरात ते रंगभूमीवर आलं. त्यात सुधाकर नावाचा हुशार वकील आहे. त्याला दारूची वाट दाखवणारा, पहिला प्याला पुढं करणारा तो तळीराम. नाटकात दारुड्यांचं एक मंडळसुद्धा आहे, आर्य मदिरा मंडळ, आणि त्यांच्या गप्पांवर लोक पोट धरून हसायचे. पण नाटक हसण्याचं नाही. सुधाकराची बायको सिंधू. बालगंधर्व तिचं काम करायचे. ती माहेरची श्रीमंत, पण नवऱ्यापायी दुसऱ्याचं दळण दळायची पाळी तिच्यावर येते. शेवटी दारूच्या भरात तिचं तान्हं मूल जातं, आणि तीही जाते. मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ देत नाही.

शंभर वर्षं झाली. त्या नाटकातलं कोण भाषेत राहिलं? तळीराम. तोही गमतीदार होऊन राहिला, जणू गावातला कुणी लाडका अवली. तळीरामाला नाटकात बायको आहे, गीता तिचं नाव. तिला कोण ओळखतं? सिंधूचा तरी शब्द झाला का? ‘शहरात सिंधूंची गर्दी’ असा मथळा कुणी कधी छापला नाही. पहिल्या तारखेला सकाळी आपल्या दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बघा, गर्दी असते.

ही गोष्ट ऐकली आणि हसणं थांबलं. मग ती उशिरा आलेली ताई म्हणाली, “हे सगळे त्यांचे शब्द झाले. त्यांनी एकमेकांना चेष्टेनं लावलेले. आपण घरात काय म्हणतो ते कुठं लिहिलं?”

रजिस्टरची पानं संपली होती. हप्त्याच्या पावतीच्या मागं दुसरी यादी सुरू झाली. या यादीला चाळीस शब्द लागले नाहीत, आणि ती लिहिताना कुणी हसलंही नाही.

सासूबाईंनी विचारलं तर: जरा बरं नाही त्यांना. कामावरून फोन आला तर: ताप आहे, आज येत नाहीत. शेजारीण विचारते तर: दमलेत, झोपलेत. पोरीच्या शाळेत: कामानिमित्त बाहेरगावी असतात. माहेरी: चाललंय बरं. आणि स्वतःच्या कपाळाला टाके पडले तर: मोरीत पाय घसरला. आमच्या गटात चौदा जणी आहेत. मोरीत पाय घसरलेल्या किती, असं विचारल्यावर पाच हात वर आले. एवढ्या निसरड्या मोऱ्या कुसगावात नाहीत हो.

पुढं बोलता बोलता असं निघालं की आपल्याला जे कळतं त्याला शब्दच नाहीत. पुरुषांच्या यादीत तर्र, टाइट, टल्ली सगळे एकाच माळेचे मणी. पण घरातल्या बाईला पाच पायऱ्या वेगवेगळ्या कळतात. एक ताई म्हणाली, कडी कशी वाजते त्यावरून कळतं. सरळ वाजली तर जेवून झोपतील. दोनदा हुकली तर गप्प बसायचं, समोर जायचं नाही. लाथेनं दार उघडलं तर पोरीला मागच्या दारानं चुलतीकडं पाठवायचं. दुसरी म्हणाली, चप्पल काढल्याचा आवाज आला तर बरं. आलाच नाही, चपलेसकट आत आले, तर विळी आणि पोळपाट-लाटणं आधी उचलून ठेवायचं. तिसरीनं सांगितलं की तिचा सहा वर्षांचा मुलगा म्हणतो, “आज पप्पा गोड बोलत्यात.” गोड बोलणं ही त्याच्या घरातली धोक्याची सूचना. हे कुठल्या यादीत घालणार?

एक गोष्ट राहिली होती ती आजीनंच काढली. “आन बाई पीत आसंल तर?” सगळ्या गप्प. बाईसाठी एकही गमतीचा शब्द पानावर नव्हता. तळीरामबाई नाही, विमानवाली नाही. तिच्यासाठी जे शब्द आहेत ते सरळ शिव्या आहेत. म्हणून ती कुणाला सांगत नाही, उपचाराला तर जातच नाही. तुमच्या गटात असं कुणी असेल तर तिला बोलणी खायला लागू नयेत एवढं बघा.

तुम्ही म्हणाल, शब्दांचं एवढं काय घेऊन बसलात? आता जे सांगतो ते त्यासाठीच आहे.

‘आउट झालाय, पडू दे.’ हे वाक्य आपण कितीदा ऐकलं आणि कितीदा बोललो. माणूस उताणा पडलाय, घोरतोय, आपण पांघरूण टाकून निजतो. पण जास्त दारू अंगात गेली की मेंदू टप्प्याटप्प्यानं झोपत जातो. आधी विचार आणि लाज, मग जीभ आणि तोल, मग शुद्ध, आणि सगळ्यात शेवटी श्वास. उताण्या माणसाला उलटी झाली तर ती घशात अडकून जीव जातो. म्हणून हाका मारून, हलवून, चिमटा घेऊनही तो जागा होत नसेल, श्वास अडखळत, सावकाश चालला असेल, अंग गार आणि ओठ निळसर पडले असतील, तर तो ‘आउट’ झालेला नाही, त्याला विषबाधा झाली आहे. कुशीवर वळवा, तोंडात काही ओतू नका, लिंबूपाणी नको, कॉफी नको, एकटं सोडू नका, आणि 108 ला फोन करा. हातभट्टीची घेतली असेल आणि डोळ्यांना अंधुक दिसतंय म्हणत असेल तर सकाळची वाट बघू नका. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. त्यानं डोळे जातात, मग माणूस.

दुसरा शब्द ‘बाहेरचं’. रोज पिणाऱ्यानं कुणाच्या शपथेवर किंवा माळ घालायची म्हणून एकदम सोडली, की काही तासांत हात थरथरायला लागतात. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना नसलेलं दिसायला लागतं, भिंतीवर किडे, दारात माणसं, आणि तो ओरडत सुटतो. घरची म्हणतात, बाहेरचं झालं, कुणाची तरी बाधा. देवऋषाकडं नेतात, अंगारा लावतात, कोंडून घालतात. बायांनो, ती बाधा नाही. सवयीची दारू अचानक तुटल्यानं होणारा तो आजार आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो. दवाखान्यात न्या, आणि तिथं लाजून ‘ताप आहे’ म्हणू नका. किती वर्षं पितात, रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, हे तीन आकडे डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध ठरतं.

तिसरा शब्द ‘थोडीच’. थोडीच घेतलीय, गाडी चालवू शकतो. आमच्या गावावरून घाट जवळ, हायवे दाराशी. कायदा थोडी-जास्त विचारत नाही, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळलं की गुन्हा. थोडीच म्हणणाऱ्याच्या मागं आपल्या पोरी बसवू नका, मग तो जावई असो की भाऊ.

आणि चौथं ते मोरीचं. पोलिसात किंवा दवाखान्यात ‘पाय घसरला’ म्हणून जे लिहिलं जातं ते कागदावर तसंच राहतं. पुढं कधी हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागायची झाली तर तोच कागद आपल्या विरुद्ध उभा राहतो. आज तक्रार करायची नसली तरी डॉक्टरांना खरं कारण सांगता येतं. घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 चा आहे, त्यात घरात राहण्याचा हक्क मिळतो, संरक्षण अधिकारी असतो. फोनसाठी 112 आहे, महिलांसाठी 181 आहे. हे नंबर पावतीच्या मागं लिहून ठेवा, मोबाईलमध्ये दुसऱ्या नावानं ठेवा. आमच्या एका ताईनं 181 ‘गॅसवाला’ म्हणून ठेवलाय.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. 1986 साली डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांनी त्याला मदत केली. तिथं दारुडा, बेवडा हे शब्द चालत नाहीत. आलेल्या माणसाला रुग्णमित्र म्हणतात. व्यसन हा आजार आहे हे तिथं पहिल्यांदा सांगतात. हे ऐकून आमच्यातल्या काही जणींचा पारा चढला. म्हणाल्या, आजारी म्हणायचं म्हणजे मारलेलं माफ करायचं का? आमच्यात यावर बराच वाद झाला. शेवटी एवढ्यावर आलो की आजार दारूचा आहे, त्यावर उपचार. हात उगारला तो वेगळा, त्यावर 112. दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत करायला लागलं तरी करायचं. मुक्तांगणात पिणाऱ्यांच्या बायकांचीही बैठक असते, आणि पिणाऱ्या बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. पुण्याला जाणं जमत नसेल तर 14446 हा सरकारी फोन आहे, व्यसनमुक्तीचा सल्ला देतात, पैसे पडत नाहीत.

आता एक शब्द असा सांगतो जो बायांनी स्वतः कमावलेला आहे. पुरुष पिऊन पडला की म्हणतात आडवा झाला. महाराष्ट्रातल्या बायांनी तो शब्द उचलून बाटलीला लावला: बाटली आडवी. शासनाच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या निदान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की सह्या तपासतात आणि परवान्याच्या दुकानासाठी गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यात एक मेख आहे, ती नीट ऐका. गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागतात, नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याहून नाही. म्हणजे जी बाई घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीच्या बाजूला गेल्यासारखंच. कित्येक गावांत बाया हरतात त्या इथं. भांगलणीचा किंवा लग्नाचा दिवस बघून मतदान आलं तर काय करायचं हे आधी ठरवा.

पुणे जिल्ह्याला हे भांडण काही नवं नाही. 1880 साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा त्यांनी शहरात दारूची दुकानं वाढण्याला लेखी विरोध केला होता. दारूबंदीनं सगळं सुटतं असंही आम्ही म्हणत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात बायांच्या मोठ्या लढ्यानंतर 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली. चोरून येणाऱ्या दारूला बाटलीवर चित्र नसतं, तिला मत देता येत नाही. पण दुकान पाराशेजारी असणं आणि दहा किलोमीटरवर असणं यात काय फरक आहे हे कडीचा आवाज ऐकणारीला विचारा.

आमच्या यादीचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. गटाच्या कर्जाच्या रजिस्टरात एक रकाना असतो, ‘कर्जाचे कारण’. शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, बियाणं. आणि दर दोन-तीन ओळींनी ‘घरगुती अडचण’. त्या संध्याकाळी आम्ही मागची पानं चाळली आणि एकेकीला विचारलं, ही अडचण कसली होती? कुणाला दुकानातली उधारी फेडायची होती, कुणाला गहाण टाकलेलं मंगळसूत्र सोडवायचं होतं, कुणाच्या नवऱ्यानं मोटारसायकल कुठंतरी धडकवली होती. सगळ्या अडचणींना वास एकच होता.

दोन महिन्यांनी ती उशिरा येणारी ताई वेळेवर आली. आठ हजारांचं कर्ज मागितलं. हिशेब लिहिणाऱ्या ताईनं सवयीनं ‘घरगु’ एवढं लिहिलं, तर हिनं तिचा हात धरला. “ते खोड. लिही, नवऱ्याची दारू सोडवण्याचा उपचार.” रकाना अरुंद होता, दोन ओळी लागल्या. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत, आजीचा अंगठा आहे. तो माणूस महिन्याभराहून जास्त राहून परत आला, सध्या पीत नाही, पुढचं माहीत नाही. कर्जाचे तीन हप्ते आलेत, चौथा येत्या दहा तारखेला.